सल्ला हवा: व्हीएमसीच्या नव्या पोरांसाठी कॅमची स्क्रीन रेकॉर्ड करायची आहे (अंबड, बजेट ३०००)

अंबड_प्रोग्रॅमर
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला एका लहान जॉबवर्क शॉपमध्ये मी कॅमवर, म्हणजे मशिनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, प्रोग्रॅमिंग बघतो. तीन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी उभी मिलिंग मशिन), दोन पाळ्या. दर चार-सहा महिन्यांनी आयटीआय झालेली नवी पोरं येतात आणि तेच तेच पहिल्यापासून सांगावं लागतं.

मागच्या महिन्यात रात्रपाळीत प्रोग्रॅम हाताने बदलताना टूल ४ ला जी४३ च्या (टूलची लांबी लावणाऱ्या) ओळीत एच४ ऐवजी एच३ पडला, म्हणजे टूल ३ ची लांबी लागली. टूल ३ आखूड, टूल ४ लांब. १६ मिमीचा एंडमिल कटर सरळ जॉब पकडणाऱ्या व्हाइसमध्ये गेला आणि तुटला, व्हाइसच्या जॉला खड्डा. दरवाजा बंद होता म्हणून पोराला काही झालं नाही. पण पुढचे दोन दिवस तो सायकल स्टार्टचं बटण दाबायला मला बोलवायचा. तेव्हाच ठरवलं की या गोष्टी एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या.

कॉम्प्युटर: आय५ सातवी पिढी, ८ जीबी रॅम, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन १९२० × १०८०. दिवसातून एकदा तरी लाइट जाते आणि यूपीएस मिनिटभरसुद्धा टिकत नाही. कोडमधले आकडे मोबाइलवर स्पष्ट दिसले पाहिजेत, वर मराठीत माझा आवाज. सॉफ्टवेअर आणि माइक धरून ३००० रुपये मिळाले आहेत. काय घेऊ?

गंगापूररोड_टॅलीक्लास
ओबीएस स्टुडिओ घ्या, फुकट आहे, दुसरं काही शोधू नका. लॉकडाउनपासून माझे सगळे टॅलीचे तास त्यावरच होतात. व्हिडिओवर त्यांची खूण येत नाही, वेळेची मर्यादा नाही. एकच सांगते, सुरू करण्याआधी खाली माइकची हिरवी पट्टी हलते का ते बघा. जीएसटीचा दीड तासाचा तास मी एकदा पूर्ण मुका रेकॉर्ड केला. मुलांना दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, रात्री अकराला पुन्हा बसले आणि आवाज बसेपर्यंत बोलले. तेव्हापासून आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग, ते ऐकायचं, मगच तास.

पाथर्डीफाटा_एडिटर
ओबीएस फक्त रेकॉर्ड करतं, एडिट कोण करणार? कॅमटेशिया घ्या. माउसजवळ झूम, बाण, चौकट, सगळं एका जागी. माझ्याकडे २०१९ चा कायमचा परवाना आहे, आजही चालतो. वस्तू चांगली असेल तर पैसे मोजायला काय हरकत आहे?

इंदिरानगर_९१
@पाथर्डीफाटा_एडिटर, त्यांचं बजेट तीन हजार आहे. आणि कॅमटेशियाचा कायमचा परवाना आता नव्याने मिळत नाही, दरवर्षी वर्गणी भरावी लागते. तुमच्याकडे जुना आहे म्हणून तुम्हाला परवडतं.

पाथर्डीफाटा_एडिटर
वर्षाला एक कटर कमी तुटला तरी वर्गणी निघते. मालकाला हा हिशोब दाखवा.

सातपूरकर_जुना
३१ वर्षं मशिनवर काढली. व्हिडिओ बघून कोणी सेटर (मशिन लावून देणारा) होत नाही. आम्ही उस्तादाच्या मागे उभं राहून शिकलो. झेड ऑफसेट (टूलच्या उंचीचा आकडा) टाकल्यावर उस्ताद विचारायचा, "आता टूल कुठे थांबेल, बोटाने दाखव." चुकलो तर पुन्हा टच ऑफ, म्हणजे टूल टेकवून माप घ्यायचं. पोराला स्क्रीनसमोर बसवण्यापेक्षा मशिनसमोर उभं करा.

अंबड_प्रोग्रॅमर
सर, तुमचं खरं आहे, मीही तसाच शिकलो. पण रात्रपाळीला मी नसतो. तिथे त्यांना प्रोग्रॅमबद्दल विचारायला कोणीच नाही, अडचण तीच आहे.

आडगाव_आयटी
एवढं कशाला हवंय? विंडोजचं स्वतःचं स्निपिंग टूल आहे. विंडोज + शिफ्ट + एस दाबा, वर कॅमेऱ्याचं चिन्ह येतं, भाग निवडा, रेकॉर्ड. आता आवाजही घेतं. मी ऑफिसात रोज वापरतो.

म्हसरूळ_कोडर
ते विंडोज ११ वर. विंडोज १० च्या स्निपिंग टूलमध्ये व्हिडिओ नाही. आणि सातव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जे टाकाल ते अधिकृत ठिकाणाहूनच टाका.

नाशिकरोड_मॅक
मॅकवर कमांड + शिफ्ट + ५ दाबलं की झालं, २०१८ च्या मोहावेपासून आहे. काहीच टाकावं लागत नाही.

इंदिरानगर_९१
त्यांच्याकडे मॅक नाही.

नाशिकरोड_मॅक
माहीत आहे. पुढच्या खरेदीसाठी सांगितलं.

कॅनडाकॉर्नर_स्ट्रीमर
लाइट जाते म्हणालात म्हणून लिहितो, कारण हे कोणीच सांगितलं नाही. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करू नका. एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग बंद करताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर फाइल दिसते, आकारही दोन जीबी दिसतो, पण उघडत नाही. माझी कबड्डीच्या सामन्याची अख्खी रात्र अशी गेली. एमकेव्ही ठेवलं तर लाइट जाईपर्यंतचं सगळं वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे, तिथे मिनिटभरात एमपी४ होतं, दर्जा तसाच राहतो. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून 'हायब्रिड एमपी४' पण आलं आहे, त्यातही हा धोका नाही. जुनं ओबीएस असेल तर आधी अपडेट करा.

गंगापूररोड_टॅलीक्लास
हो, एमकेव्हीच ठेवा. मीही तेच सांगणार होते.

सिडको_डिझायनर
ओबीएसचं आणखी एक. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ उघडा. बेस १९२० × १०८० असतं, पण आउटपुट बहुतेक वेळा १२८० × ७२० वर असतं. त्यानेच अक्षरं पुसट होतात आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. दोन्ही सारखे करा. फ्रेम ३० पुरेत. एन्कोडर (व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) 'हार्डवेअर, क्यूएसव्ही' निवडा, तुमच्या आय५ च्या आत ते आहेच. नाहीतर कॅमचं सिम्युलेशन फिरताना प्रोसेसर दमतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि आकडे आहेत तसे राहतात.

दिंडोरीरोड_शॉप
सॉफ्टवेअर राहू दे, आधी टूल सेटर (टूलची लांबी मोजणारं उपकरण) बसवा. आमच्याकडे बसवला, एच चुकण्याचा प्रश्नच संपला.

सातपूरकर_जुना
सेटरने लांबी बरोबर मोजली तरी प्रोग्रॅममध्ये कोणी एच३ लिहिला तर मशिन एच३ च घेणार. सेटर काय करणार? टूल नंबर आणि एच नंबर सारखाच, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

दिंडोरीरोड_शॉप
आमच्या पोस्टमधून (कॅममधून मशिनचा कोड काढणारा पोस्ट प्रोसेसर) टी म्हणजे टूल नंबर आणि एच एकत्रच निघतात. हाताने बदलायला परवानगीच नाही.

अंबड_प्रोग्रॅमर
आमच्याही पोस्टमधून बरोबरच निघतं. रात्री एक टूल बदललं आणि पोराने मशिनवरच ओळ दुरुस्त केली, तिथे चुकलं. म्हणूनच हा व्हिडिओ हवा आहे. सेटरचं मालकांशी बोलेन, पण तो तीन हजारांत येत नाही.

म्हसरूळ_कोडर
डाउनलोडबद्दल पुन्हा सांगतो. २०२३ च्या सुरुवातीला सर्चमध्ये ओबीएसच्या नावाच्या जाहिराती वर दिसायच्या आणि खाली व्हायरस मिळायचा. जाहिरातीवर क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाका: ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम.

सटाणानाका_खाते
बँडिकॅम हलकं आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं. फुकटात दहा मिनिटं आणि वर त्यांचं नाव येतं, एवढंच. मी पाच वर्षं तेच वापरतो.

कॉलेजरोड_रिमोट
आमची टीम लूम वापरते. रेकॉर्ड केलं की लगेच लिंक तयार, पाठवायची कटकट नाही. फुकटात २५ व्हिडिओ, प्रत्येकी पाच मिनिटं.

गोंदे_क्वालिटी
थांबा. कॅमच्या स्क्रीनवर ग्राहकाचं मॉडेल असतं, ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव असतं. ते कोणत्याही क्लाउडवर चढवू नका आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकू नका. मी ऑडिटला सामोरा जातो म्हणून कळकळीने सांगतोय. आमच्या ओळखीच्या एका शॉपची ऑर्डर एका फोटोवरून गेली. शिकवायला स्वतःचा साधा ठोकळा काढा: १०० × ६० चा ब्लॉक, एक पॉकेट, चार होल. पोरांना समजतंही तेच लवकर.

अंबड_प्रोग्रॅमर
@गोंदे_क्वालिटी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. ठोकळाच घेतो.

गंगापूररोड_टॅलीक्लास
माइक कोणता घेणार? मी कॉलरचा वायरवाला वापरते. आवाज घुमत नाही.

पाथर्डीफाटा_एडिटर
कॉलरचा नको, यूएसबीचा कंडेन्सर घ्या, आवाजात फार फरक पडतो.

कॅनडाकॉर्नर_स्ट्रीमर
शॉपशेजारी कंडेन्सर? तो कंप्रेसरसुद्धा उचलेल. डायनॅमिक माइक घ्या आणि ओबीएसमध्ये 'नॉइज सप्रेशन' फिल्टर लावा, आरएननॉइजवाला. पंखा, मशिनची घरघर बऱ्यापैकी जाते.

पाथर्डीफाटा_एडिटर
कंडेन्सर तोंडाजवळ ठेवला आणि गेन कमी केला तर काही होत नाही. मी स्वतः अनुभव घेतला आहे.

*(माइकवरचे आणखी ११ प्रतिसाद नव्या धाग्यात हलवले आहेत. संपादक)*

अंबड_प्रोग्रॅमर
मंडळी, आठवडाभराने येतोय. काय केलं ते सांगतो.

आधी ओबीएस टाकलं. सिडकोच्या ताई की दादा, तुम्ही म्हणालात तसं आउटपुट ७२० वरच होतं, १०८० केल्यावर आकडे स्वच्छ आले. केबिनचं दार लावून जी४३ वर १४ मिनिटांचा व्हिडिओ केला. मला तो फार चांगला वाटला. रात्रपाळीला त्याच पोराला मशिनजवळच्या जुन्या टॅबवर लावून दिला आणि मी बाजूला उभा राहिलो.

त्याला माझा एक शब्द ऐकू येत नव्हता. शेजारच्या मशिनवर फेस मिलिंग चालू, कूलंटचा आवाज वेगळा. टॅब कानाला लावला की स्क्रीन दिसत नाही, आणि मशिन चालू असताना इअरफोन मी घालू देणार नाही. चौथ्या मिनिटाला त्याने हाताने पुढे सरकवायला सुरुवात केली. त्याला फक्त ती एक ओळ बघायची होती.

म्हणून सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध जातोय, राग मानू नका. आवाजच काढून टाकला. माइक घेतला नाही. ओबीएसही ठेवलं नाही, त्या कामाला शेअरएक्स घेतलं. तेही फुकट आणि मुक्त स्रोत आहे. शिफ्ट + प्रिंट स्क्रीन दाबून स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा ओढायचा, तेवढंच रेकॉर्ड होतं. सेटिंगमध्ये कॅप्चरनंतर अपलोडवर खूण नाही ना, ते पहिल्यांदा तपासलं. गोंदेवाल्या दादांमुळे.

डावीकडे कोड, उजवीकडे नोटपॅड ठळक २८ च्या अक्षरात. नोटपॅडमध्ये मी मराठीत एकेक ओळ टाइप करतो आणि ती टाइप होतानाच रेकॉर्ड होते. पहिला तुकडा ४० सेकंदांचा आहे. कर्सर टी४ वर, मग खाली जी४३ एच४ वर, आणि नोटपॅडमध्ये एवढंच: "टी चा आकडा बघ. एच चा आकडा बघ. सारखे? मग सिंगल ब्लॉक लाव, रॅपिड २५ टक्के." सिंगल ब्लॉक म्हणजे एका वेळी एकच ओळ, रॅपिड म्हणजे मशिनची मोकळी वेगवान चाल. असे नऊ तुकडे झालेत. टॅबवर प्रत्येकाला त्या कामाचं नाव दिलं आहे.

सातपूरकर सर, तुमचा "बोटाने दाखव" प्रश्न सातव्या तुकड्यात शेवटी घातला आहे. तिथे व्हिडिओ थांबतो आणि पोराने बोटाने दाखवल्याशिवाय सेटर सही करत नाही.

कॅनडाकॉर्नर_स्ट्रीमर
४० सेकंदांच्या फाइलला लाइट गेली तरी फार नुकसान नाही, ते मान्य. पण ओबीएस काढायला नको होतं, लांब काही करायचं झालं तर लागेल.

पाथर्डीफाटा_एडिटर
नोटपॅडपेक्षा कॅमटेशियात कॅप्शन छान आली असती.

गंगापूररोड_टॅलीक्लास
आवाजाशिवाय शिकवणं मला पटत नाही, मुलं आवाजाने बांधली जातात. पण तुमच्या शॉपमध्ये मी कधी उभी राहिलेली नाही. पोरगं शिकतंय ना?

अंबड_प्रोग्रॅमर
ताई, काल रात्री त्याने स्वतः टूल बदललं, तुकडा क्रमांक दोन बघितला आणि सायकल स्टार्ट केलं. मला फोन आला तो काम झाल्यावर.

सातपूरकर_जुना
सही रोज तपासा. आठवड्याभरात पोरं न दाखवताच सही मागायला लागतात.

इंदिरानगर_९१
मग तीन हजारांचं काय केलं?

अंबड_प्रोग्रॅमर
यूपीएसची बॅटरी बदलली, १२ व्होल्ट ७ एएचची. आता लाइट गेली तरी प्रोग्रॅम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करता येतो. उरलेल्या पैशांत टॅबला कूलंट लागू नये म्हणून जाड कव्हर आणि स्टँड घेतला, मशिनच्या पॅनलच्या डाव्या अंगाला बसवला आहे.