मालक पैसे टाकतो म्हणून खेळही त्याचाच? ‘नंबर नऊ’ यांना उत्तर

लिबेरो

‘नंबर नऊ’ यांनी काल लिहिलं ते आधी जसंच्या तसं देतो: “क्लबची शैली, परंपरा हे सगळं थोतांड आहे. प्रशिक्षक बदलला की खेळ बदलतो आणि प्रशिक्षक मालकच बदलतो. चाहत्यांनी निकाल बघावा आणि गप्प राहावं.” नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. ‘गप्प राहावं’ डोक्यात गेलं, म्हणून हे लांबलचक.

भिंतीवरचे जुने फोटो म्हणजे परंपरा, असं तुम्ही धरून चालला आहात. परंपरा रोजच्या सरावात असते. ला मासियात, म्हणजे बार्सिलोनाच्या (बार्साच्या) अकादमीत, दहा-अकरा वर्षांचं पोर रोंडोत (रिंगणात उभं राहून मधल्याला चेंडू लागू न देता पास द्यायचा सराव) उभं राहतं तेव्हा त्याच्याकडून काय घोटून घेतात ते बघा. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं. चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे अंग आधीच अर्धं वळलेलं असतं आणि पहिल्याच टचला पुढचं मैदान दिसतं. जवळच्या पायावर घेतला की पाठ पुढच्या मैदानाकडे जाते आणि चेंडू आल्या वाटेने परत द्यावा लागतो. ही सवय एका मोसमात लागत नाही. २५ नोव्हेंबर २०१२ ला लेवान्तेविरुद्ध आल्वेस जखमी झाला, मोन्तोया आत आला आणि बार्साचे मैदानावरचे अकराच्या अकरा ला मासियातले झाले. ही शैली बार्सात रुजवणारा क्रायफ प्रशिक्षकपदावरून १९९६ मध्येच गेला होता. मधल्या सोळा वर्षांत किती प्रशिक्षक आले-गेले ते मोजा.

आता मालक. असलं काही उभं करायला वीस वर्षं लागतात, मोडायला एक सही पुरते. २००५ मध्ये रेड बुलने ऑस्ट्रिया साल्झबर्ग घेतला, नाव बदललं, जांभळा-पांढरा रंग काढून लाल-पांढरा केला. चाहत्यांना जुन्या नावाने, जुन्या रंगात नवा क्लब काढून पार खालच्या विभागातून सुरुवात करावी लागली. विम्बल्डनचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला नेला. विम्बल्डनच्या चाहत्यांनी २००२ मध्ये स्वतःचा क्लब काढला, तो २०११ ला फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० ला प्लाऊ लेनवर परत आला. मँचेस्टर युनायटेडवर २००५ च्या आधी कर्ज नव्हतं. नव्या मालकांनी क्लब विकत घ्यायला जे कर्ज काढलं ते क्लबच्याच बोकांडी बसवलं. हे सगळे चाहते गप्प राहिले असते तर आज विम्बल्डनला स्वतःचा क्लबच नसता.

नंबर नऊ

‘गप्प राहावं’ हे शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

तुम्ही सोयीची उदाहरणं निवडली. मिलान का सोडलात? प्रशिक्षक रोक्कोच्या हाताखाली मिलानने १९६३ आणि १९६९ ला युरोपियन कप जिंकला तो कातेनाच्चोवर, म्हणजे कडेकोट बचावाच्या पद्धतीवर. मागे लिबेरो (कोणा एकावर न बांधलेला शेवटचा बचावपटू), पुढे माणसाला माणूस. तुमचं टोपणनावच तिथून आलंय. मग १९८६ ला बेर्लुस्कोनीने क्लब घेतला आणि पुढच्या वर्षी पार्माहून प्रशिक्षक साक्कीला आणलं. हा माणूस कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता. त्याने लिबेरो काढला, चौघांची सरळ रेषा केली आणि सगळ्यात मागच्या बचावपटूपासून आघाडीवीरापर्यंत साधारण २५ मीटरमध्ये अख्खा संघ दाबून बसवला. १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप घरात. मिलानची परंपरा मालकाने मोडली म्हणूनच तुम्ही ज्याला आज मिलानची परंपरा म्हणता ती जन्माला आली.

साल्झबर्गचंही अर्धंच सांगितलंत. रंगाचं दुःख मान्य. पण २०१२ ला रांगनिक क्रीडा संचालक म्हणून आला तेव्हापासून साल्झबर्ग आणि रेड बुलचाच जर्मनीतला क्लब लाइपझिग, दोघांचा खेळ डोळे मिटून ओळखता येईल इतका ठरलेला झाला. चेंडू गेल्यावर आठ सेकंदांत परत मिळवा, मिळाल्यावर दहा सेकंदांत गोलवर मारा. याला शैली म्हणायचं नाही तर कशाला? आणि ती मालकाच्या पैशातून आली.

ब्रेंटफर्डने तर २०१६ मध्ये अकादमीच बंद केली. तेव्हा एकटा मालक, आकडेमोडीवर चालणारा क्लब. २०२१ ला ७४ वर्षांनी सर्वोच्च विभागात परतले. तुमची वीस वर्षांची घोटाई कुठे गेली?

दक्षिण स्टँड

नंबर नऊ, ब्रेंटफर्डचा मालक त्या क्लबचा लहानपणापासूनचा चाहता आहे, हे गाळलंत. तो अपवाद आहे. नियम अपवादावर बांधत नाहीत.

जर्मनीत म्हणूनच ५०+१ आहे. मतांचा अर्धा भाग आणि वर एक मत सभासदांकडे, मग पैसा कोणीही आणो. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रसारण हक्कांच्या कंपनीतला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचा ठराव ३६ पैकी बरोब्बर २४ मतांनी पास झाला. दोन-तृतीयांशासाठी २४ च लागत होती. त्यावर चाहत्यांनी पहिली १२ मिनिटं शांत राहायचं आणि मग मैदानावर टेनिस बॉल टाकायचे असं सुरू केलं. नुसते बॉल टाकून काय होतं असं वाटेल, पण दर वेळी रेफरीला खेळ थांबवावा लागतो, बॉल गोळा करायला माणसं आत येतात, प्रसारणाचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणजे जे विकायचंय तेच खराब होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने व्यवहारच सोडून दिला. चाहत्यांकडे मत असलं की असं होतं.

नंबर नऊ

आणि त्याच लीगमध्ये २०१३ ते २०२३ सलग अकरा वर्षं बायर्नच विजेते. ती साखळी तोडली कोणी? लेव्हरकुसेनने, २०२३-२४ ला लीगमधला एकही सामना न हरता. तो औषध कंपनीचा क्लब आहे, ५०+१ मधून सूट मिळालेला. तुमच्याच नियमाच्या बाहेरचा.

सभासदांच्या पुण्याईचं कौतुक मला सांगू नका. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा झाली. इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत बाहेर पडले, ते सगळे खासगी मालकांचे. त्यानंतरही वर्षानुवर्षं चिकटून राहिले ते रेआल आणि बार्सा, दोन्ही सभासदांच्या मालकीचे. ऑगस्ट २०२१ ला बार्साच्या अध्यक्षाने कर्ज १३५ कोटी युरो असल्याचं जाहीर केलं आणि मेस्सी रडत गेला. कुठे होती सभासदांची मतं?

ॲमस्टरडॅमच्या आयाक्समध्येही ७३ टक्के भाग मूळ संघटनेकडेच आहे. तरी २०२३ च्या उन्हाळ्यात डझनभर नवे खेळाडू आणले आणि ऑक्टोबरअखेर आयाक्स तक्त्यात तळाला. मालकी जशीच्या तशी, खेळ मात्र गायब.

लिबेरो

आयाक्सचा मुद्दा बोचरा आहे आणि बरोबर आहे. नाइलाजाने मान्य. पण तुमचंच उदाहरण नीट बघा. तिथे मालकी बदलली नव्हती, खेळाडू कोण निवडतो ते बदललं होतं. निर्णय अकादमी ओळखणाऱ्यांच्या हातातून बाहेरून आलेल्या तांत्रिक संचालकाकडे गेला. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय की परंपरा निवडीत असते. मालकीला कुलूप आणि निवडीला नाही, तर घर उघडंच. एवढी भर माझ्या म्हणण्यात घालतो.

सुपर लीगवर उत्तर नाही. रेआल-बार्साने केलं ते लाजिरवाणं होतं.

जाळीमागून

परंपरा परंपरा करताय, पण या बार्साछाप परंपरेने बाकीच्या फुटबॉलची वाट लावली त्यावर कोणी बोलत नाही. आता खालच्या विभागातला संघसुद्धा गोलकिकला (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू गोलसमोरून परत खेळात आणताना) छोटा पास देतो. गोलकीपर, सेंटर बॅक (मधला बचावपटू), परत गोलकीपर, मग मिडफिल्डरच्या पाठीत चेंडू आणि गोल. ज्यांच्याकडे तसे खेळाडू नाहीत त्यांनी लांब मारावा. स्पेनने २०१८ ला रशियाविरुद्ध आणि २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास दिले आणि दोन्ही वेळा पेनल्टीवर घरी गेले.

मधली फळी

स्पेनचा गोलकिकशी काय संबंध? त्यांचा प्रश्न समोरच्या बॉक्सबाहेर होता, स्वतःच्या बॉक्समध्ये नव्हे. दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

छोटी गोलकिक फॅशन म्हणून आली नाही. २०१९ पर्यंत चेंडू बॉक्सबाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे. आता लाथ बसून हलला की खेळात. म्हणजे दोन्ही सेंटर बॅक बॉक्सच्या आत, गोलकीपरच्या दोन बाजूंना उभे राहू शकतात आणि प्रतिस्पर्ध्याला तोवर बॉक्सबाहेरच थांबावं लागतं. त्या नियमाने पहिल्या पासला काही मीटर फुकट मिळतात. ते न वापरणं हा मूर्खपणा.

गोल का खाल्ले जातात ते सांगतो, तीनच कारणं असतात. एक, पास हळू. गवत कोरडं असेल तर आणखी हळू, म्हणून तर सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात. पास रेंगाळला की दाबणारा दोन-तीन मीटर जवळ येतो आणि तिथेच खेळ संपतो. दोन, सहा नंबरच्या खेळाडूला (बचावफळीच्या पुढचा मिडफिल्डर) पहिलाच पास देतात. त्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे, माणूस पाठीवर, वळायला जागा नाही. तीन, सेंटर बॅक घाबरून लगेच सोडतो. त्याने चेंडूवर तळवा ठेवून थांबायला हवं, समोरचा नऊ नंबर, म्हणजे त्यांचा आघाडीवीर, दोन मीटरवर येईपर्यंत. तो आला की त्याने सोडलेला माणूस मोकळा होतो. मग चेंडू सहा नंबरला द्यायचा तो वळण्यासाठी नव्हे, एका टचमध्ये तिसऱ्याकडे ढकलण्यासाठी.

जाळीमागून

वहीत छान दिसतं. पण आता कोणी एकट्या नऊ नंबरने दाबत नाही. पूर्ण मैदानभर माणसाला माणूस लावतात. मग तुमचा तिसरा माणूस कुठून मोकळा होणार? आणि नियमाची एक बाजू सांगितलीत, दुसरी लपवलीत. गोलकिकवरून थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नाही, म्हणजे आघाडीवीर बचावफळीच्या मागे उभा असला तरी चालतं. छोटा पास दिला की ती सूट गेली. म्हणजे हातातलं हत्यार टाकून तुम्ही बॉक्समध्ये रोंडो खेळताय.

मधली फळी

‘लपवलीत’ हा शब्द परत घ्या. मी काही लपवलेलं नाही, मुद्दा अजून पुरा व्हायचा होता.

माणसाला माणूस लावला तर मोकळा माणूस गोलकीपर. त्यांचा गोलकीपर त्यांच्या गोलमध्ये, त्यामुळे आपण अकरा आणि दाबणारे दहा. म्हणून आता गोलकीपरला पाय लागतात. त्यांच्या नऊ नंबरला मग निवडावं लागतं. गोलकीपरवर धावला तर सेंटर बॅक सुटतो. म्हणून तो वळसा घालून धावतो, सेंटर बॅक आपल्या पाठीमागच्या सावलीत ठेवून. त्याचा वळसा उजवीकडून असेल तर डावी बाजू उघडी, हे गोलकीपरला धाव सुरू होताच वाचता आलं पाहिजे. चेंडू पायाखाली आल्यावर बघायला लागला तर उशीर झाला.

आणि ऑफसाइडची सूट वापरतात की. आघाडीवीर मुद्दाम बचावफळीच्या मागे उभा राहतो. मग त्यांच्या एका सेंटर बॅकला त्याच्याबरोबर मागे सरकावं लागतं आणि मधे दरी पडते. छोट्या पासला जागा त्या लांब पासच्या भीतीने मिळते. दोन्ही एकाच खेळाचे भाग आहेत.

दक्षिण स्टँड

आपण मालकीवर बोलत होतो ना?

नंबर नऊ

त्यातच उत्तर आहे. गोलकीपरला पाय हवेत म्हणजे तसा गोलकीपर विकत घ्यावा लागतो. पैसा कोणाचा?

लिबेरो

किंवा बारा वर्षांच्या गोलकीपरला रोंडोत उभं करावं लागतं. त्याला सही लागत नाही, दहा वर्षं लागतात.

जाळीमागून

‘लपवलीत’ परत घेतो. लांब पासची भीती वापरता येते, हेही मान्य. पण तेवढ्यासाठी गोलकीपरला ६० मीटरवर अचूक मारता यायला हवं. ते नसेल तर समोरचे घाबरत नाहीत, बचावफळी जागची हलत नाही आणि छोटा पास हा उघड जुगार. अशा संघाने सरळ लांब मारावा. यावर मी ठाम आहे.

मधली फळी

ठीक, तसा गोलकीपर नसेल तर मारा. पण मधोमध नको. तिथे त्यांचा सगळ्यात उंच सेंटर बॅक डोक्याने परत पाठवतो आणि आपली मधली फळी उलट्या पावली धावते. टचलाइनजवळ, फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) डोक्यावर मारा. तो बहुतेक वेळा सेंटर बॅकपेक्षा बुटका असतो आणि चेंडू फार तर बाहेर जातो. उडी मारणारा एकच. बाकीचे तिघे त्याच्याभोवती आठ-दहा मीटरवर, एक पुढे आणि दोन मागे, कारण हेडरवरून उसळलेला चेंडू बहुधा मागेच पडतो. आणि लाथ मारायच्या आधी आपल्या दोन्ही फुलबॅकना आत घ्या. ते रुंद उभे राहिले आणि हा उसळलेला दुसरा चेंडू त्यांच्याकडे गेला तर मधे कोणीच नसतं.