कॅमेऱ्याचा शून्यच खाली सरकवला तर बिघडलं काय?

नौपाड्याची चंद्रकळा

ठाण्यात नौपाडा-चरई भागात घरगुती समारंभांचे फोटो काढते. संक्रांत ते रथसप्तमी हा आमचा खरा हंगाम: नव्या नवरीची पहिली संक्रांत, बाळाचं बोरनहाण, हळदीकुंकू. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने.

आता कॅमेऱ्यातल्या मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची, अडचण बघा. समोर साडी आहे की भिंत, हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्याच्या जवळ आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. अर्धी फ्रेम काळी दिसली की तो उजेड वाढवतो. साडी राखाडी पडते आणि हलवा जळतो, म्हणजे जास्त उजेडानं नुसता पांढरा होतो. ज्या घरात कुणी मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडत, तासन् तास बसून त्या हलव्याला काटा आणलाय, त्यांना फोटोत तो काटा दिसायलाच हवा. जळलेल्या फोटोत नुसत्या थर्माकोलच्या गोळ्या दिसतात. मला ते सहन होत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी निकॉनच्या कस्टम मेनूत जाऊन 'फाइन-ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर' उणे २/६ करून टाकलं. तिथे १/६ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पायऱ्या असतात, वरखाली १ स्टॉपपर्यंत जाता येतं. सोनीतही अशीच सोय आहे. माझा शून्य, म्हणजे मीटर योग्य मानतो तो उजेड, आता कायमचा १/३ स्टॉप खाली असतो. आणखी लागलं तर वरून कॉम्पेन्सेशन देते, म्हणजे हातानं उजेड कमी-जास्त करते. माझं म्हणणं असं की ज्याचं काम ठरलेलं आहे त्यानं डीफॉल्ट बदलावा. तुम्ही काय करता?

खाडीकाठ

ताई, हलव्याच्या काट्याबद्दल शंभर टक्के सहमत. उपायाशी मात्र अजिबात नाही.

मी ऐरोलीच्या काठावरून रोहित पक्षी टिपतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल काळाभोर आणि त्यावर उजळलेले पक्षी. तिथे उणे २/३ दिलं नाही तर पिसांचा पोत जातो. त्याच काठावर, तीच लेन्स लावून संध्याकाळी उभा राहिलो की सूर्य समोर, पाणी चांदीसारखं. मीटर त्या चमकेला घाबरून सगळं काळं करतो, मग अधिक १ द्यावं लागतं. सकाळी उणे, संध्याकाळी अधिक. डीफॉल्ट कुणाच्या बाजूनं सरकवू?

दुसरं, हा बदल कुठे दिसत नाही. कॉम्पेन्सेशन दिलं की व्ह्यूफाइंडरमध्ये खूण येते, फाइन-ट्यूनची येत नाही. किती सरकवलंय ते पाहायला पुन्हा मेनूत शिरावं लागतं. दोन बटणं दाबून केलेल्या रीसेटनंही तो जात नाही. निकॉनच्याच डी७०० कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की बहुतेक वेळा कॉम्पेन्सेशन वापरणंच बरं.

दुसरा कॅमेरा

खाडीकाठ यांना +१. वाशीच्या एका लग्नात माझी कॅमेरा बॉडी ऐनवेळी बंद पडली, म्हणून ओळखीच्याकडून दुसरी आणली. हळदीचे सगळे फोटो मुख्य फोटोग्राफरच्या फोटोंपेक्षा काळवंडलेले. आधी लेन्सवर संशय, मग फ्लॅशवर. रात्री दीड वाजता मेनू उघडला तेव्हा मॅट्रिक्सला (अख्खी फ्रेम पाहून मोजणाऱ्या मीटरिंगला) उणे ४/६ सापडलं. मालकाला स्वतःलाच आठवत नव्हतं. दोन दिवस नुसते रंग जुळवत बसलो होतो. ज्या बदलाचा माणसाला विसर पडतो तो बदल कॅमेऱ्यात ठेवूच नये, असं माझं ठाम मत झालंय.

कोपरी पूल

मी ताईंच्या बाजूनं. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, सावली उचलता येते. जळलेलं पांढरं कुठून आणणार? तिथे माहितीच उरलेली नसते. थोडं खाली राहणं हा शहाणपणाच आहे.

खाडीकाठ

उन्हात ठीक. पण बोरनहाण दिवाणखान्यात, ट्यूबलाइटखाली होतं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० च्या घरात. १/३ स्टॉप खाली म्हणजे साधारण वीस टक्के प्रकाश कमी. तो चेहऱ्यांवरून जातो, आणि नंतर उचलायला गेलात की सावळ्या गालावर कण उठतात. हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भागच वाचवायचे असतील तर निकॉनच्या २०१४ च्या डी८१० पासून हायलाइट-वेटेड मीटरिंग आलंय. ते खास त्याचसाठी आहे.

नौपाड्याची चंद्रकळा

ते वापरून पाहिलंय. ते हलवा वाचवतं, पण बाळाचा चेहरा पार अंधारात जातो.

आणि कॉम्पेन्सेशनचा विसर पडत नाही का? कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं. आदल्या रात्रीचं उणे १ तसंच राहिलं आणि मी अख्खं बोरनहाण त्यावर काढलं. बोरं-चुरमुरे डोक्यावरून पडतात तो क्षण एकदाच येतो, आई-आजीला 'पुन्हा ओता' म्हणता येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खूण होती हो, पण माझी नजर बाळावर होती. मग दिसणाऱ्या खुणेचा उपयोग काय झाला?

खाडीकाठ

हा मुद्दा खरा आहे, मान्य. त्यावर 'ईझी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' ऑटो रीसेटवर ठेवा. नुसती डायल फिरवून दिलेलं कॉम्पेन्सेशन मीटर झोपला की आपोआप पुसलं जातं. बटण दाबून दिलेलं मात्र राहतं, तेवढं लक्षात असू द्या. आणि मीटर डीफॉल्टला सहा सेकंदांत झोपतो, ती वेळ वाढवून घ्या.

दुसरा कॅमेरा

फाइन-ट्यून ठेवणारच असाल तर एक विनंती. ते प्रत्येक मीटरिंगला वेगळं देता येतं. मॅट्रिक्स शून्यावर आणा आणि फक्त सेंटर-वेटेड (फ्रेमच्या मधल्या भागाला जास्त वजन देणारं) सरकवा. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात गेला तरी तो बहुधा मॅट्रिक्सवरच काढणार. शिवाय बॉडीच्या तळाला पट्टी चिकटवून आकडा लिहा.

नौपाड्याची चंद्रकळा

काल रात्री मागच्या वर्षीची रॉ पुन्हा उघडली. हलवा सगळीकडे शाबूत, काटा मोजता येईल इतका. पण तीन घरांतल्या आजींचे चेहरे मी बरेच उचललेत, आणि मोठं करून पाहिलं तर गालावर ते कण आहेत. चौकटीत लावलेल्या आकाराला दिसत नाहीत, तरी मला आता दिसताहेत. मॅट्रिक्स शून्यावर आणलं. सेंटर-वेटेडला उणे २/६ ठेवलंय आणि तळाला पट्टीही लावली. पुढची पहिली संक्रांत चरईतच आहे, तिथे दोन्ही पद्धतींनी काढून फोटो इथे टाकते.

खाडीकाठ

टाका. एक आजींचा जवळून घेतलेला चेहराही टाका, फक्त हलवा नको. माझा शून्य तोवर शून्यावरच आहे.