मैदानावरच्या गलक्यातून एकच किंकाळी कान वेगळी कशी काढतो?

मैदानाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची शिक्षकांची खोली मैदानाला लागून असल्यामुळे मधल्या सुट्टीत दीडशे मुलांचा गलका खिडकीतून सरळ आत येतो. इतक्या वर्षांत त्याची अशी सवय झाली आहे की वह्या तपासताना तो कानावर पडतो, पण मनापर्यंत पोहोचत नाही. मागच्या महिन्यात मात्र त्याच गलक्यातून एक किंकाळी आली आणि ती कोणाची, कशासाठी, हे कळण्याआधीच मी दारापर्यंत पोहोचले होते. मागे वहीवर लाल शाईची लांब रेघ ओढली गेली होती. तिसरीतल्या एका मुलीचे बोट झोपाळ्याच्या साखळीत अडकले होते. बोट सुटले, थोडे सुजले, आता ती बरी आहे.

मला कोडे पडले आहे ते असे की ती किंकाळी फार मोठी नव्हती. त्याच वेळी खो-खो खेळणारी मुले तिच्यापेक्षा कितीतरी जोराने ओरडत होती आणि त्यांच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते. मग कानाने हिला वेगळे काढले ते कशावरून? आणि त्यानंतर आठवड्याभरातच मी पुन्हा तशीच धावले, तेव्हा टाकीची नळी निसटून मुलींच्या अंगावर पाणी उडाले होते आणि त्या आनंदाने किंचाळत होत्या. पहिल्या वेळी इतका अचूक ठरलेला कान दुसऱ्या वेळी का फसला?

ध्वनिमुद्रक

ताई, किंकाळी मोठी नव्हती हे आपण नोंदवलेत, यातच अर्धे उत्तर आले. आवाजाचा जोर आणि स्वराची उंची हे दोन गुण कोणालाही चटकन सांगता येतात, म्हणून किंकाळीचे वेगळेपण त्यांतच असावे असे वाटते. ते आहे तिसऱ्याच गुणात, आणि त्याला खरखर हाच शब्द मला योग्य वाटतो.

बोलताना आपल्या आवाजाचा जोर सतत कमीजास्त होत असतो, पण तो अक्षरांच्या गतीने, म्हणजे सेकंदाला साधारण चार-पाच वेळा. किंकाळीत हा चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होतो. इतके जलद हेलकावे कानाला सुटे सुटे मोजता येत नाहीत, आणि ते मिळून त्यांचा एक गुळगुळीत सूर व्हावा इतके जलदही ते नसतात. या अधल्यामधल्या पट्ट्यात आवाज खरखरीत आणि टोचणारा लागतो. ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हे मोजून मांडले. साधे बोलणे या पट्ट्याचा जवळजवळ वापरच करत नाही, तर किंकाळ्या आणि माणसाने तयार केलेले धोक्याचे भोंगे नेमके तिथेच सापडतात. जिच्यात खरखर अधिक ती किंकाळी ऐकणाऱ्यांना अधिक भयंकर वाटली, अशा आवाजांना मेंदूतील अमिग्डाला या भीतीशी संबंध असलेल्या भागाने अधिक प्रतिसाद दिला, आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून हेही लोकांनी अधिक लवकर ओळखले.

हे स्वतः ऐकायचे असेल तर शाळेत पेटी असेलच. वरच्या सप्तकातील काळी एक आणि तिला लागून असलेली पांढरी दोन एकदम दाबून ठेवा. सध्याच्या जुळणीत या दोन स्वरांची वारंवारता सुमारे ५५४ आणि ५८७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके कंप, असते. फरक ३३ चा, म्हणून दोन्ही मिळून सेकंदाला ३३ ठोके पडतात, म्हणजे आवाजाचा जोर तितक्या वेळा कमीजास्त होतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने कानाला सर्वांत खरखरीत लागणारे ठोके सेकंदाला साधारण इतकेच असतात असे सांगितले होते. त्यानंतर तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विसंवादी लावून ऐका. तिथे सेकंदाला दोन-तीन ठोके पडतात, ते सुटे ऐकू येतात आणि त्यांत टोचणारे काही नसते. विसंवाद दोन्हीकडे आहे, पण कान दचकतो तो पेटीपाशी.

खो-खोची मुले ‘खो’, ‘पळ’, ‘डावीकडून’ असे शब्द ओरडत होती. शब्द कितीही मोठ्याने उच्चारले तरी त्यांचा चढउतार अक्षरांच्याच गतीचा राहतो. त्या मंद गतीच्या गलक्यात आपल्या विद्यार्थिनीचा शब्दहीन, खरखरीत आवाज अगदी वेगळ्या पट्ट्यातून आला, म्हणून लहान असूनही तो उठून दिसला.

कंठोपचार

मी वाचा-उपचाराचे काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षिकांची संख्या मोठी असते. ध्वनिमुद्रक यांनी सांगितलेली खरखर गळ्यात कशी जन्मते, एवढे जोडते.

नेहमीच्या बोलण्यात दोन्ही स्वरतंतू एका लयीत मिटतात आणि उघडतात. स्त्रियांमध्ये सेकंदाला साधारण दोनशे वेळा, पुरुषांमध्ये शंभर-सव्वाशे वेळा. वेदना किंवा भीती झाली की फुप्फुसातून येणारा दाब एकाएकी वाढतो, तंतू कमालीचे ताणले जातात आणि ही लय मोडते. कधी एक कंप मोठा व पुढचा लहान असे आलटून पालटून होऊ लागते आणि मूळ स्वराखाली त्याच्या निम्म्या वारंवारतेचा दुसरा स्वर उमटतो, कधी दोन तंतू दोन निरनिराळ्या गतींनी थरथरतात, तर कधी कंपांना नियमच उरत नाही. खरखर म्हणतात ती हीच. तान्ह्या बाळाच्या रडण्यात, विशेषतः ते दुखण्यामुळे रडत असेल तर, हीच मोडलेली लय ऐकू येते. गाणाऱ्याचा रियाज आयुष्यभर ही लय सांभाळण्यासाठी चाललेला असतो, म्हणूनच मला किंकाळी हा नुसता मोठा आवाज कधीच वाटला नाही. आवाजावरचा ताबा सुटल्याची ती खूण आहे.

कानाच्या बाजूनेही एक मदत होते. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि पडद्यापाशी बंद असते. अशा नळीत ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो आणि पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे दहा डेसिबलने वाढतो. लहान मुलाच्या किंकाळीचा मूळ स्वर १००० हर्ट्झच्या वर सहज जातो आणि ‘आ’ करून पूर्ण उघडलेल्या तोंडातून त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे उपस्वरही जोमाने बाहेर पडतात. ते या घुमणाऱ्या भागात येऊन पडतात.

वाचनवेडा

वरची दोन्ही उत्तरे पटण्यासारखी आहेत, पण त्यांत ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. खरखर म्हणजे धोका असे सरळ समीकरण असते, तर पाण्याच्या फवाऱ्याने मुलींच्या आवाजात ती आलीच नसती. आनंदाच्या भरातही दाब वाढतो, तंतू ताणले जातात आणि लय मोडते.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठात हॅरोल्ड गूझूल्स यांच्या गटाने किंकाळ्यांवर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांच्या २०२१ मधील अभ्यासात लोकांना मागचापुढचा कोणताही संदर्भ न देता केवळ किंकाळ्या ऐकवल्या, तेव्हा आनंदाने उत्तेजित झालेल्या माणसाची किंकाळी भीतीची म्हणून ओळखण्याकडे त्यांचा कल दिसला. ताई, खिडकीतून नुसता आवाज ऐकून आपण जे केलेत तेच त्या प्रयोगातील माणसांनी केले. आपला कान फसला असे मी म्हणणार नाही, कारण त्याला मिळालेल्या माहितीत दोन्ही प्रसंग खरोखरच एकसारखे होते. आणि अशा वेळी उगाच धावण्यात जे जाते ते न धावण्यात जाणाऱ्यापेक्षा फार थोडे असते.

त्याच वर्षी झुरिक विद्यापीठातील साशा फ्रूहोल्त्स यांच्या गटाने मात्र याला वेगळे वळण दिले. त्यांनी वेदना, राग, भीती, सुख, दुःख आणि हर्ष अशा सहा प्रकारच्या किंकाळ्या वेगळ्या केल्या, आणि त्या ओळखण्याच्या कसोटीत धोक्याच्या किंकाळ्यांपेक्षा धोका नसलेल्या, त्यातही हर्षाच्या, किंकाळ्या लोकांनी लवकर आणि बिनचूक ओळखल्या. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात खरे, पण प्रयोगांची मांडणीच निराळी होती. झुरिकमध्ये ऐकणाऱ्याला ठरावीक प्रकारांतून निवड करायची होती आणि किंकाळ्या सांगून काढून घेतलेल्या होत्या. मैदानावर तशी सोय कोण देणार? त्यामुळे अमिग्डाला म्हणजे केवळ धोक्याची घंटा, असे जे सोपे करून सांगितले जाते, ते मला घाईचे वाटते.

डोंगरवाट

डोंगरात फिरणाऱ्यांसाठी थोडे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, आणि उंच स्वर हवेत व झाडोऱ्यात आधी विरतात, त्यामुळे दरीपलीकडून आलेल्या किंकाळीत तिची धार बरीचशी गेलेली असते. शिवाय घसा काही मिनिटांतच बसतो. म्हणून आम्ही नवख्यांना शिट्टी जवळ ठेवायला सांगतो: एका मिनिटात सहा वेळा फुंकायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे, ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा फुंकून उत्तर द्यायचे. शाळेतल्या खेळाच्या सरांच्या शिट्टीत जो दाणा असतो, तो आत फिरताना हवेची वाट वारंवार अडवतो आणि सुराची ‘किर्रर्र’ होते. वरची चर्चा वाचल्यावर प्रथमच लक्षात आले की तो दाणा शिट्टीला खरखरच देतो.

मैदानाकाठची

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल शेवटच्या तासाला चौथीच्या वर्गात पेटी नेली आणि काळी एक व पांढरी दोन एकत्र दाबून धरली. पहिल्या बाकावरच्या दोघांनी लगेच कान झाकले. नंतर त्याच काळी एकच्या जोडीने पंचम दाबला, भाता तितक्याच जोराने ओढला, तर कोणीही हललेसुद्धा नाही. म्हणजे जोराचा प्रश्न नव्हता, हे मुलांनीच मला दाखवले.

वाचनवेडा यांचे म्हणणे आज मधल्या सुट्टीत पडताळता आले. खिडकीकडे पाठ करून बसले असताना एक किंकाळी आली आणि मी अर्धी उठले. पण तिच्या शेपटाला लागून दुसऱ्या मुलीचे हसणे ऐकू आले आणि मी खाली बसले. किंकाळीत काहीच निराळे नव्हते, निर्णय त्या हसण्याने झाला. झोपाळ्याच्या दिवशी मात्र किंकाळीनंतर आजूबाजूची मुले एकदम गप्प झाली होती, हे आता आठवते आहे.

पेटीचा तो आवाज कसा वाटला ते एका ओळीत लिहा, असे चौथीच्या मुलांना सांगितले होते. बहुतेकांनी ‘कर्कश’ लिहिले. एकाने लिहिले, ‘कैरी खाऊन दात आंबतात तसे कान आंबले.’

काळजी म्हणून झोपाळ्याच्या साखळ्यांवर आज रबरी नळी चढवून घेतली आहे.