अंतरा इंजेक्शन, छाया गोळी की तांबी? नमाज-रोजे सांभाळून पाळणा लांबवायला काय घ्यावं?

मी मूळची मिरजेची, लग्न झाल्यापासून बडोद्यात तांदळज्याला. दोन मुलं, धाकटी अजून अंगावर पिते. पुढची काही वर्षं थांबायचं हे आमचं दोघांचं ठरलंय. चालतं की नाही हा प्रश्नच नाही. अज्ल (वीर्य बाहेर सोडणं) पैगंबरांच्या काळातही करायचे, हदीसमध्येच आहे, आणि तात्पुरतं साधन नवरा-बायकोच्या मर्जीने वापरायला बहुतेक उलेमांची (धर्मपंडितांची) ना नाही. सासूबाई फक्त "ऑपरेशन नको" एवढंच म्हणाल्या.

घोडं अडलंय ते डागांपाशी. आशाताई अंतरा इंजेक्शन घ्या म्हणतात, तीन महिन्यांतून एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट. पण शेजारीण ते घेते आणि तिला मधेच कधीही डाग लागतात. आम्ही हनफी. आमच्या नियमाने हैज (पाळी) कमीत कमी ३ दिवस, जास्तीत जास्त १०, आणि दोन हैजमध्ये निदान १५ दिवस पाकी. यात न बसणारं ते इस्तिहाजा. त्यात नमाज माफ नाही, रोजाही धरायचा. हैजमध्ये सुटलेले रोजे मात्र नंतर भरून द्यावे लागतात. म्हणजे ऐन रमजानमध्ये रोज कॅलेंडर घेऊन बसायचं? तांबीने पाळीत जास्त जातं म्हणे, आणि माझं हिमोग्लोबिन आधीच कमी. डॉक्टर म्हणाल्या, हे मौलानांना विचारा. मौलानांपुढे पाळीचं कोण बोलणार!

कुणी यातून गेलंय का?

कैरीपन्हं: नर्स होते, आता रिटायर. हिमोग्लोबिन कमी असेल तर तांबीची घाई नको. अंतराचे डाग पहिले काही महिने जास्त, वर्षभरात साधारण निम्म्या बायकांची पाळीच थांबते, त्याने अपाय नाही. पण सोडल्यावर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. तुमच्यासाठी मी छायाच म्हणेन. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेतली गोळी, हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच, त्यामुळे इफ्तारनंतर घेता येते. हीसुद्धा फुकट.

झुबेदा_म: मी छायावर आहे. डाग नाहीत, पण पाळी लांबते. पहिल्यांदा लांबली तेव्हा धावत जाऊन टेस्ट केली होती! आणि मौलाना कशाला, मुलींच्या मदरशातल्या आलिमांना विचारा ना. त्या रोज हेच शिकवतात.

धागाकर्ती: आलिमांचं सुचलंच नव्हतं. कैरीताई, अंगावर पाजताना छाया चालेल ना?

कैरीपन्हं: चालते. फक्त पीसीओएस (बीजकोशाचा विकार), हल्ली झालेली कावीळ, टीबी किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हिमोग्लोबिनचं लोह सुरू केलंय का, ते नाही लिहिलंत.