अ‍ॅक्वेरिस्टला मराठीत काय म्हणायचं? (प्रमाणपत्रावर छापायचंय)

निवळी:
शोभेच्या माशांच्या टाक्या सांभाळणाऱ्यांसाठीचा एक अभ्यासक्रम मराठीत आणायचं काम चालू आहे. आतला मजकूर झाला, पण प्रमाणपत्रावरच्या पदनामापाशी घोडं अडलंय. इंग्रजी मसुद्यात दोन पदं आहेत. रोज टाकी बघणारा तो 'अ‍ॅक्वेरिस्ट' आणि त्याच्या वरचा 'क्युरेटर'. आधीच्या अनुवादात पहिल्यासाठी 'मत्स्यपालक' घातलं होतं. ते चालणार नाही. मत्स्यपालक म्हटलं की शेततळ्यात रोहू-कटला वाढवून वजनावर विकणारा माणूस डोळ्यापुढे येतो. 'मत्स्यालय-रक्षक' म्हणावं तर दाराशी काठी घेऊन उभा असलेला. बिल्ल्यावर मावेल आणि ऐकणाऱ्याला काम कळेल असा शब्द सुचवा.

समास:
ग्रंथपाल आहे ना, मग मत्स्यालयपाल. 'पाल' आणि 'पालक' यांतला फरक इथे कामाचा आहे. पालक वाढवतो, पाल सांभाळतो. ग्रंथपाल ग्रंथ लिहीत नाही, विकत नाही, जिथल्या तिथे आणि धडधाकट ठेवतो. वरच्या पदाला 'अभिरक्षक' घ्या, वस्तुसंग्रहालयांत तो रुळलेला आहे.
कृपा करून 'शोभिवंत मत्स्य तंत्रज्ञ' मात्र छापू नका. कौशल्य-अभ्यासक्रमांत 'ऑर्नामेंटल फिश टेक्निशियन' आहे, त्याचं हे सुटं रूप फिरत असतं. शब्द असे सुटे छापले की 'शोभिवंत' थेट तंत्रज्ञाला जाऊन चिकटतं. 'शोभिवंत-मत्स्य तंत्रज्ञ' अशी जोडरेघ तरी द्या.

बोटुकली:
'शोभिवंत'वरच माझा आक्षेप आहे. शोभिवंत म्हणजे सुंदर. शोभेसाठी ठेवलेला तो शोभेचा. पण 'शोभेचा'ला निर्जीवपणाचा वास येतो, शोभेची वस्तू, शोभेची दारू. मासा शोभेची वस्तू आहे असं समजूनच लोक त्याला फुलदाणीत ठेवतात. मत्स्यव्यवसायातली आपली जुनी शब्दसंपत्ती बघा: मत्स्यजीरे, मत्स्यबीज, बोटुकली. बोटाएवढं पिल्लू ते बोटुकली, कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. टाकीच्या धंद्यात असा एकही शब्द जन्मला नाही, कारण आपण सगळं आयतं घेतलं.

रेवाळ:
मासा बाजूला ठेवा. हा माणूस मासे सांभाळत नाही, पाणी सांभाळतो. पाणी नीट राहिलं की मासे आपोआप राहतात. इंग्रजी शब्दातही मासा कुठेच नाही. लॅटिनमध्ये 'अ‍ॅक्वेरियम' म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा, आपल्याकडचा पाणवठा. 'अ‍ॅक्वेरियस' म्हणजे पाणक्या, तीच आपली कुंभ रास. काचेच्या टाकीला हा शब्द चिकटला १८५४च्या सुमारास, इंग्लंडमधल्या फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकामुळे. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं होतं. म्हणून मी म्हणेन 'जलपाल'. टाकीत कोळंबी असो, प्रवाळ असो की नुसती पाणवनस्पती असो, शब्द खोटा पडत नाही.

समास:
जलपाल ऐकून लोक पाटबंधारे खात्यात चौकशी करतील. आणि १९५१पासून मुंबईत चर्नी रोडला 'तारापोरवाला मत्स्यालय' हे नाव पिढ्यांनी वाचलंय. रुजलेला शब्द हातात असताना नवा कशाला पाडायचा?

खाडीकाठ:
क्रॉफर्ड मार्केटला जाऊन 'मत्स्यालयपाल कुठे भेटेल?' असं विचारून बघा. तिथे 'फिशटँकवाला' म्हणतात आणि कुणाचंही अडत नाही. भाषा वापरणाऱ्यांची असते. 'डॉक्टर' छापताना कोणी अडखळत नाही, मग 'अ‍ॅक्वेरिस्ट' देवनागरीत छापायला काय हरकत आहे?

कसोटी:
पदनामाआधी हे प्रमाणपत्र कशाचं आहे ते ठरवा. प्रमाणपत्र, परवाना आणि अधिस्वीकृती हे तीन वेगळे कागद आहेत आणि मराठीत तिन्हींची सरमिसळ होते.
अमेरिकेत प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयं यांची संघटना, एझेडए, अधिस्वीकृती देते ती संस्थेला. दर पाच वर्षांनी नव्याने तपासणी होते. तिथल्या कर्मचाऱ्याला त्यातून व्यक्तिशः काही मिळत नाही. व्यक्तीची परीक्षा वेगळी: पंप, गाळणी, ओझोन, पाणी-तपासणी बघणाऱ्यांसाठी आल्सो नावाची संस्था पायऱ्यापायऱ्यांनी परीक्षा घेते. तिथलं पदनाम 'लाइफ सपोर्ट ऑपरेटर'. याचं 'जीवरक्षक' करू नका, जीवरक्षक चौपाटीवर असतो. जर्मनीत माशांचा व्यापार करायचा तर प्राणिसंरक्षण कायद्याच्या ११व्या कलमाखाली परवाना लागतो आणि त्यासाठी जाणकारी सिद्ध करावी लागते. मत्स्यालयात नोकरी करायची तर 'टियरफ्लेगर', म्हणजे प्राण्यांची निगा राखणारा, अशी तीन वर्षांची उमेदवारी. त्यात 'प्राणिसंग्रहालय' ही शाखा घ्यायची. आपल्याकडे २०१७मध्ये मत्स्यालय-दुकानांसाठी केंद्राने नियम काढले आणि नंतर मागे घेतले.
'निगा' हा शब्द आपण इथे अजून घेतलाच नाही, तो घ्यावा. निगा राखतो तो निगादार.

रेवाळ:
निगादार छान आहे! पण कशाची निगा ते कळत नाही.

निवळी:
कागद व्यक्तीच्या नावाचा आहे, म्हणजे प्रमाणपत्र. परवाना नाही. पुढची अडचण 'स्टँडर्ड'ची. मसुद्यात कुठे 'मानक' आलंय, कुठे 'निकष', कुठे 'मापदंड'.

कसोटी:
निकष म्हणजे कसोटीचा दगड, सोनं घासून बघायचा. तो तपासायचं साधन आहे. मानक म्हणजे आधी ठरवून ठेवलेलं माप. 'समुद्री टाकीची क्षारता ३५' (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) हे मानक. 'उमेदवाराने ती अमुक चुकीच्या आत मोजून दाखवावी' हा निकष. प्रश्नपत्रिका निकषांवर निघते. मापदंड सोडून द्या, तो भाषणात बरा.
आणि शब्द चुकला की हात कसा चुकतो त्याचा नमुना याच ठिकाणी आहे. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं उपकरण, 'कॅलिब्रेट' करण्याला दुकानांत 'झिरो करणे' म्हणतात. म्हणून पोरं काचेवर शुद्ध पाण्याचे दोन थेंब टाकतात, रेघ शून्यावर आणतात आणि निर्धास्त होतात. शून्याला बरोबर असलेलं उपकरण ३५ला एक-दोन अंकांनी चुकू शकतं, विशेषतः पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असेल तर. ते जुळवायचं ३५च्या तयार द्रावणाने, म्हणजे जिथे मोजायचंय तिथेच. द्रावण आणि उपकरण एकाच तापमानाला आलेलं हवं, झाकण लावताना बुडबुडा राहायला नको. म्हणून अनुवादात 'शून्यावर आणणे' चुकूनही नको, 'जुळवणे' लिहा.

समास:
'अंशशोधन' असा पारिभाषिक शब्द आहे.

कसोटी:
आहे, शीर्षकात घाला. पायऱ्या लिहिताना 'जुळवणे'.

बोटुकली:
'क्वारंटाइन'चं काय केलंय? विलगीकरण म्हणत असाल तर सावध. करोनाकाळापासून तो एकच शब्द दोन्हीकडे वापरतात. नवा, धडधाकट दिसणारा मासा किमान चार आठवडे वेगळा ठेवणं हे एक काम, आजारी मासा बाहेर काढून औषधात ठेवणं हे दुसरं. दोन्हींना एकच टाकी वापरली की नव्या माशाला जुन्याचा रोग. 'नवख्यांची टाकी' आणि 'आजाऱ्यांची टाकी' असं सरळ लिहा. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध द्यायचं ते आजाऱ्यांच्या टाकीतच. मुख्य टाकीत दिलं तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ जातात. तांबं खडीत शोषलं जाऊन राहतं ते वेगळंच.

निवळी:
घेतलं. आता 'सायकलिंग', म्हणजे माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत वाढवणं. विद्यार्थ्यांना सायकल चालवणंच आठवतं. 'टाकी मुरवणे' कसं वाटतं? लोणच्यासारखं, वेळ द्यावा लागतो.

समास:
'नायट्रीकरण' हा नेमका शब्द असताना लोणचं कशाला?

रेवाळ:
नायट्रीकरण हे जिवाणूंचं काम. टाकी तयार करणं हे माणसाचं काम. दोन्हींना एक शब्द कसा चालेल? पण 'मुरवणे'ही फसवतं. नुसता वेळ गेल्याने काही होत नाही. महिनाभर रिकामी टाकी चालवली आणि अमोनियाच दिला नाही तर जिवाणू खातील काय? पाणी काचेसारखं निवळतं, टाकी मात्र कच्चीच. मग एकदम दहा मासे सोडतात आणि चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात.
माझा शब्द 'विरजण'. चालू टाकीच्या गाळणीतला स्पंज नव्या गाळणीत ठेवायचा, म्हणजेच विरजण लावायचं. आणि दूध नसेल तर विरजण फुकट, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. इथे दूध म्हणजे अमोनिया. अमोनियम क्लोराइडने तो दोन पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यायचा. तो अमोनिया आणि मागून येणारं नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले आणि नायट्रेट चढलं, की टाकी लागली. स्पंजासह हे पंधरवड्यातही होऊ शकतं, नाहीतर चार ते सहा आठवडे धरा.

कसोटी:
विरजण शब्द गोड आहे, पण तो घातक ठरेल. दह्याचं विरजण दुधात ढवळून मिसळतं. हे जिवाणू पाण्यात नसतात, स्पंज-खडी-काचेच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात. विरजण म्हटलं की विद्यार्थी जुन्या टाकीचं तांब्याभर पाणी नव्या टाकीत ओतणार आणि लागली समजणार. त्याने जवळजवळ काही होत नाही.

रेवाळ:
म्हणूनच 'स्पंजाचं विरजण' म्हणायचं. सोबत पायरी लिहायची: स्पंज नळाखाली धुवायचा नाही, नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच दोनदा दाबून गाळ काढायचा. नेताना ओला ठेवायचा आणि फार वेळ बंद पिशवीत कोंडायचा नाही, त्या जिवाणूंना हवा लागते.

खाडीकाठ:
जिथे नळाला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) येतं तिथे आणखी एक गोष्ट लिहा. क्लोरीन मारायचं औषध टाकल्यावर क्लोरामाइन फुटून अमोनिया सुटतो. चाचणीत तो दिसतो आणि विद्यार्थी टाकी बिघडली म्हणतो. शिवाय नुसता आकडा वाचून घाबरायचं नसतं. पाणी २५ अंशांवर आणि पीएच सात असेल तर मोजलेल्या अमोनियातला शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. एकच आकडा एका टाकीत निभावतो, दुसरीत मारतो.

बोटुकली:
हाच हिशोब पिशवीतून मासा सोडताना लागतो, आणि तिथेही शब्दाने घोळ केलाय. 'अ‍ॅक्लिमटाइज'चं 'हळूहळू सरावणे' करतात, म्हणून लोक दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसतात. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दूरच्या माशाला पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवीतच तापमान जुळू द्यायचं, मग उघडून लगेच जाळीने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत नाही. क्षारतेत मोठा फरक असेल तर नवख्यांच्या टाकीचं पाणीच आधी पिशवीच्या मापाला आणून ठेवायचं.

समास:
मग 'सरावणे'तलं 'हळूहळू' काढा. 'पाण्याला लावणे' असं म्हणता येईल.

रेवाळ:
'टाकी लागली' आणि 'मासा पाण्याला लागला', दोन्हीकडे 'लागणे' झालं तर गोंधळ होईल.

निवळी:
स्पंजाचं विरजण कंसात 'पाणी नव्हे' असं लिहून घेते. बिल्ल्यासाठी सध्या कागदावर मत्स्यालयपाल, जलपाल, निगादार आणि अ‍ॅक्वेरिस्ट असे चार राहिलेत. यातला एक सांगा, छपाईला द्यायचंय.

कसोटी:
ते कंसातलं 'पाणी नव्हे' अपुरं आहे. किती स्पंज तेही लिहा. चालू टाकीचा सगळा स्पंज उचलला तर तीच टाकी कच्ची होईल. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, आणि देणाऱ्या टाकीत पुढचे आठ दिवस खाणं निम्मं करा.

रेवाळ:
तिसरा हिस्सासुद्धा जास्त होईल, गाळणीत एकच स्पंज असेल तर. अशा वेळी नवा स्पंज महिनाभर जुन्याच्या शेजारी ठेवून मग हलवावा. याला मात्र विरजण नाही म्हणता येणार.

समास:
दाब कलम?