जेरोनिमोवर एकपात्री करतोय, हा माणूस बोलतो कोणाशी?

सांगलीचा_हौशी:
मंडळी, बँकेतून निवृत्त झालेला हौशी नट आहे. आवाज शाबूत आहे, गुडघे नाहीत. अमेरिकेतल्या अपाचे या मूलनिवासी जमातीचा लढवय्या जेरोनिमो, त्याच्यावर तासाभराचं एकपात्री लिहितोय. खर्डा तयार आहे: 1829 च्या सुमारास हिला नदीच्या वरच्या अंगाला जन्म, मेक्सिकन सैनिकांनी आई, बायको अलोपे आणि तिन्ही पोरं मारली, मग लढायांमागून लढाया, 4 सप्टेंबर 1886 ला स्केलेटन कॅन्यनमध्ये अमेरिकी लष्कराच्या जनरल माइल्सपुढे शरणागती, आणि 1909 मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर कैदेतच मृत्यू. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "शाळेतला धडा वाटतोय."

दिग्दर्शकाला पिसांचा टोप, घोड्यांच्या टापा, आरोळ्या हव्यात. मला ते पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. मुळात हा माणूस रंगमंचावर बोलतोय कोणाशी? घोडं तिथेच अडलंय.

विंगेतला:
टोप आधी पेटाऱ्यात टाका. तो मैदानी मुलखातल्या लोकांचा. अपाचे कपाळाला रुमाल बांधायचे, पायात मऊ कातड्याचे उंच जोडे. मार्च 1886 मध्ये अमेरिकी लष्कराच्या जनरल क्रूकशी बोलणी चालली होती, तेव्हा फ्लाय नावाच्या छायाचित्रकाराने काढलेले फोटो मिळवा आणि वेशभूषा करणाऱ्याच्या हातात द्या.

बोलतो कोणाशी याची सोय इतिहासानेच करून ठेवलीय. 1905-06 मध्ये त्याने आपली हकिकत फोर्ट सिलजवळच्या लॉटन गावच्या बॅरेट नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याला सांगितली. हा अपाचे भाषेत बोलणार, दुभाषा आसा डाकलुगी इंग्रजीत सांगणार, बॅरेट टिपून घेणार. लष्करी अधिकाऱ्याने आधी नकार दिला, मग थेट अध्यक्ष रूझवेल्टकडून परवानगी आणावी लागली. लघुलेखक समोर बसवला की म्हातारा तोंडच उघडायचा नाही. मधे प्रश्न विचारलेला खपायचा नाही. सांगून झालं की एवढंच म्हणायचा, बोललो ते लिहा.

अहो, हे आयतं नाटक आहे! प्रेक्षकांना बॅरेटच्या जागी बसवा. डाव्या हाताला डाकलुगीची रिकामी खुर्ची, तिच्यावर मंद स्पॉट. तो इंग्रजीत सांगतोय तेवढा वेळ तुम्ही गप्प, नजर त्या खुर्चीवर. आपल्या बोलण्यातलं काय पोचलं आणि काय गाळलं, हा संशय चेहऱ्यावर दिसू दे. कैदी आहे हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.

कत्तल दाखवू नका. त्याने सांगितलंय तेच घ्या. घरची माणसं मारली गेल्यावर प्रमुख मंगस कोलोरादासने माघारीचा हुकूम दिला, सगळे रात्री निघाले आणि हा मागे एकटा. पुढच्यांच्या पावलांची चाहूल जेमतेम लागेल एवढं अंतर ठेवून चालत राहिला. घरी पोचल्यावर अलोपेने केलेली सजावट, पोरांची खेळणी, आपला तंबू, आईचा तंबू, सगळं जाळून टाकलं. इथे टापा कशाला? विंगेत चार जणांना अनवाणी चालवा.

आणि लोकांना हसवा. 1904 च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात हा स्वतःचे फोटो 25 सेंटला विकायचा, त्यातले 10 याचे. सहीचे पैसे मात्र सगळे खिशात. पहारेकऱ्यांनी एकदा त्याला चार खिडक्यांच्या छोट्या घरात बसवलं, खिशातल्या चिजा दाखवून गुंतवून ठेवलं आणि मग म्हणाले, बाहेर बघ. खाली माणसं मुंग्यांएवढी! आकाशपाळणा होता तो. खुर्चीत बसल्याबसल्या होईल, गुडघ्यांना त्रास नाही.

डॅलसकर:
सगळं मान्य, पण त्याचा पुतळा करू नका. तो चिरिकावांचा, म्हणजे त्याच्या अपाचे शाखेचा, प्रमुख नव्हता; त्यांचा प्रमुख कोचीज, त्याचा मान याला कधी मिळाला नाही. त्याच्यापायी आपण सगळेच अडकलो, असं म्हणणारे अपाचेही होते, आणि त्यांचं काय चुकलं? लष्कराची चाकरी केलेले अपाचे स्काउट, म्हणजे वाटाडे, तेसुद्धा फ्लोरिडाला कैदेत गेले. त्याला शरण यायला राजी करणारे मार्टिन आणि कायिता हे दोघेही त्यात आले. लोकांची ही कैद 1886 ते 1913, म्हणजे 27 वर्षं चालली. दोन वाक्यं तरी यावर हवीतच.

इथून फोर्ट सिल गाडीने तीनेक तासांवर. अजूनही लष्करी तळच आहे, फाटकावर पास घ्यावा लागतो. कबरीवर गोट्यांचा निमुळता ढीग रचलाय, वर दगडी गरुड, आणि भोवती त्याच्याच माणसांच्या कबरींच्या रांगा. वंशज आजही ओक्लाहोमात आणि न्यू मेक्सिकोत मेस्कालेरोला आहेत. त्यांच्या प्रार्थना, गाणी उचलून स्टेजवर आणू नका.

पहिली_घंटा:
शेवट ओसामावर करा ना. ओसामा बिन लादेनला मारण्याच्या 2011 च्या मोहिमेत हेच नाव सांकेतिक म्हणून वापरलं होतं. टाळी नक्की.

सांगलीचा_हौशी:
टाळी येईल, पण ती माझ्या म्हाताऱ्याला नसेल. शेवट मी 1905 वर आणणार. रूझवेल्टच्या मिरवणुकीत याला घोड्यावरून फिरवलं, आणि नंतर त्याने ॲरिझोनाला परत जाऊ द्या म्हणून विनवलं तेव्हा नाही म्हणाले.

विंगेतला, खुर्ची पक्की. आता नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवायचीय. डाकलुगीच्या त्या गप्प जागा कागदावर कशा मांडू?

विंगेतला:
कंसात 'डाकलुगी सांगतो', बस्स. किती वेळ ते तालमीत ठरेल. सुरुवातीच्या तालमींना त्या खुर्चीत खरा माणूस बसवा आणि त्याला खरोखर बोलायला लावा. तुमची नजर बसली की त्याला उठवा.