शब्दचर्चा : प्रोफाइलमधील माहिती ‘ओढायची’, ‘खरवडायची’ की ‘मागवायची’?

प्रश्न :

एका अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी तयार होत असलेल्या डॅशबोर्डची मराठी माहितीपुस्तिका माझ्याकडे संपादनासाठी आली आहे. विद्यार्थ्यांची गिटहबवरील (प्रोग्राम लिहिणारे आपले प्रकल्प जेथे ठेवतात त्या संकेतस्थळावरील) प्रोफाइल एपीआयमार्फत (एका संगणकप्रणालीने दुसरीकडून ठरलेल्या पद्धतीने माहिती घेण्याच्या सोयीमार्फत) वाचायची आणि कोणाचे किती प्रकल्प खुले आहेत, शेवटचे काम केव्हा झाले, हे विभागप्रमुखांना एका पडद्यावर दाखवायचे, एवढेच त्या डॅशबोर्डचे काम आहे. मसुद्यातील पहिलेच वाक्य असे आहे : ‘एपीआयद्वारे आंतरजालीय व्यक्तिरेखांचा विदा ओढून नियंत्रणफलकाची निर्मिती केली जाते.’ वाक्य कानाला खटकते, पण नेमके काय बदलावे ते ठरत नाही. ‘विदा’ ठेवावा की ‘डेटा’? ‘व्यक्तिरेखा’ आणि ‘नियंत्रणफलक’ चालतील का? ‘एपीआय’साठी मराठी शब्द सुचवता येईल का?

प्रतिसाद १ :

आधी नामांचे पाहू. ‘व्यक्तिरेखा’ नाटकात किंवा कादंबरीत असते आणि ती दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली असते. प्रोफाइल ज्याचे त्याने भरलेले असते, म्हणून तो शब्द काढावा. ‘प्रोफाइल’ हाच शब्द रुळलेला आहे. ‘माझे प्रोफाइल’ आणि ‘माझी प्रोफाइल’ दोन्ही ऐकू येते, तेव्हा पुस्तिकेत कोणतेही एक लिंग ठरवून ते शेवटपर्यंत पाळावे. ‘नियंत्रणफलक’ अर्थानेच चुकतो, कारण या पडद्यावरून कशाचेही नियंत्रण होत नाही, तेथे केवळ दिसते. आपल्या कचेऱ्यांतला ‘गोषवारा’ हा शब्द अर्थाने कितीतरी जवळचा आहे; फरक इतकाच की गोषवारा एकदा काढला की तो त्या तारखेचा राहतो आणि डॅशबोर्ड स्वतःहून ताजा होत असतो. ‘डॅशबोर्ड’ ठेवावा, आणि त्यातल्या वरच्या बेरजांच्या पट्टीला मात्र खुशाल ‘गोषवारा’ म्हणावे.

‘विदा’ हा शब्द मराठी विकिपीडियामुळे अनेकांच्या डोळ्यांखालून गेला आहे आणि मला तो आवडतोही, परंतु त्याचे सामान्यरूप अडचणीचे आहे. ‘घोडा–घोड्याचा’ या चालीने ‘विदा–विद्याचा’ होते, आणि मग ही विद्या नावाच्या मुलीची गोष्ट आहे की काय, असे वाटते. ‘विदाचा’ असे रूप चालवले जाते खरे, पण मग ‘डेटाचा’ लिहिण्यापेक्षा मराठीपण कितीसे वाढले? तांत्रिक पुस्तिकेत ‘डेटा’ आणि सर्वसाधारण वाचकासाठी ‘माहिती’, अशी वाटणी मला बरी वाटते.

‘एपीआय’ तसाच ठेवावा, पण पहिल्या उल्लेखात एका वाक्याने उलगडावा. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक ठाऊक असतो. ‘विद्यार्थ्यांची माहिती एपीआयकडून मागवली’ या वाक्याने एखादा पालक थेट महाविद्यालयात येऊन उभा राहील.

माझा खरा आक्षेप ‘ओढून’ या क्रियापदाला आहे. आपण नामांवर पानेच्या पाने वाद घालतो आणि क्रियापद मात्र हाताला येईल ते लावून देतो. वास्तविक कोणी कोणाकडून काय आणि कोणत्या अधिकाराने घेतले, हे वाक्यात क्रियापदच सांगत असते. एपीआयमध्ये एक विनंती जाते आणि एक उत्तर येते. गिटहबला एका वापरकर्त्याचे नाव कळवले की त्याचे प्रदर्शित नाव, संस्था, ठिकाण, खुल्या प्रकल्पांची संख्या, अनुयायांची संख्या, खाते उघडल्याची तारीख, असे ठरावीक रकाने परत येतात. ईमेल त्याने स्वतः उघड केला असेल तरच येतो. ओळख न देता विचारले तर तासाला ६० विनंत्या चालतात, टोकन (ओळख पटवणारी सांकेतिक खूण) दाखवले तर साधारणपणे ५,०००. मर्यादा ओलांडली की ४०३ किंवा ४२९ क्रमांकाचा नकार येतो आणि पुन्हा केव्हा विचारावे तेही सोबत कळवले जाते. ज्या व्यवहारात समोरचा नाही म्हणू शकतो, त्याला मराठीत ‘मागवणे’ म्हणतात.

याउलट, माणसांसाठी बांधलेले वेबपान यंत्राकडून वाचून त्यातला मजकूर वेगळा काढणे याला ‘खरवडणे’ हे क्रियापद चपखल बसते. भाताच्या पातेल्याच्या बुडाशी चिकटलेली खरवड जशी काढावी लागते तसेच ते काम आहे, जे वाढलेले नाही ते काढून घेण्याचे. हा भेद मी पदरचा सांगत नाही. गिटहबच्या वापरधोरणातच खरवडण्याची व्याख्या दिली असून एपीआयमार्फत केलेले संकलन त्यात मोडत नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. तेच धोरण पुढे असेही सांगते की माहिती कोणत्याही मार्गाने मिळवलेली असो, ती नोकरभरती करणाऱ्यांना विकता येणार नाही. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने हे वाक्य वाचून ठेवावे.

प्रतिसाद २ :

‘मागवणे’ मला पटत नाही. चहा मागवतात, निविदा मागवतात. संगणकावर काम करणारी मंडळी दिवसभर ‘डेटा खेचला’, ‘पुल केला’ असेच बोलतात, आणि बोलीतून आलेला शब्द टाकून कार्यालयीन शब्द आणण्याची हौस कशासाठी? शिवाय हे प्रोफाइल सार्वजनिकच आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही, व्यक्तीने स्वतः सार्वजनिकरीत्या उपलब्ध केलेला डेटा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मग मागणे कसले आणि नकार कसला?

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून :

‘निविदा मागवणे’ हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथेही अटी असतात, मुदत असते आणि आलेल्या उत्तरावरच पुढचे काम चालते. ‘खेचणे’ बोलताना अवश्य म्हणावे. लेखनात मात्र, विशेषतः गिटहबच्या संदर्भात, ‘पुल’ने घोटाळा होतो, कारण गिटमध्ये (गिटहब ज्या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीवर उभे आहे तिच्यात) त्या नावाची स्वतंत्र आज्ञा आहे आणि ती प्रोफाइल आणत नाही, प्रकल्पातील बदल आणते.

‘सार्वजनिक’बद्दल मात्र थांबून विचार करावा असे आहे. सार्वजनिक नळ, सार्वजनिक गणेशोत्सव, सार्वजनिक बांधकाम या मराठी प्रयोगांत ती गोष्ट सर्वांच्या मालकीची किंवा सर्वांच्या वापराची असते. प्रोफाइल तसे नसते. ते एकाचे असते आणि सर्वांना दिसते. म्हणून मी ‘उघड प्रोफाइल’ किंवा ‘सर्वांना दिसणारे प्रोफाइल’ लिहीन. आपण कायद्याचा दाखला दिलात, पण त्यातही उपलब्ध करून देणारी ती व्यक्तीच आहे. तिने प्रकल्प उघड केले असतील. त्यावरून डॅशबोर्डने काढलेला ‘वर्गात ४७ वा’ हा क्रमांक तिने कोठेही उघड केलेला नाही.

क्रियापद सैल राहिले की काय होते, याचे उदाहरण २०१८ मध्ये उघडकीस आलेले केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आहे. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी एक प्रश्नावलीचे ॲप वापरले आणि फेसबुकच्या तेव्हाच्या एपीआयने त्यांच्या मित्रमंडळींचीही माहिती त्या ॲपला दिली. फेसबुकच्याच अंदाजाने ही संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत जाते. त्या वेळी ‘डेटाचोरी’ हा शब्द सर्रास वापरला गेला, पण कुलूप कोणी तोडलेच नव्हते. माहिती दारातूनच दिली गेली आणि घेणाऱ्याने ती नियमाविरुद्ध परस्पर केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे सोपवली. ‘चोरी’ म्हटले की देणाऱ्याची जबाबदारी वाक्यातूनच गळून पडते.

प्रश्नकर्त्याकडून :

‘मागवणे’ स्वीकारतो. वाक्य आता असे केले आहे : ‘विद्यार्थ्यांच्या उघड गिटहब प्रोफाइलमधील माहिती एपीआयमार्फत मागवून ती या डॅशबोर्डवर दाखवली जाते.’ आणखी एक शंका. एखाद्याने ठिकाणाचा रकाना भरलेलाच नसेल, तर मसुद्यात तेथे ‘निरंक’ छापले आहे. ते योग्य आहे का?

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून :

नाही. सरकारी अहवालात ‘निरंक’ याचा अर्थ ‘तपासले, आणि काही नाही’ असा होतो, म्हणजे ते शून्याचे विधान आहे. खुले प्रकल्प खरोखर शून्य असतील तेथे ‘निरंक’ किंवा ० शोभेल. रिकाम्या रकान्यासाठी ‘नोंद नाही’ लिहावे, आणि विनंतीला नकार आल्यामुळे माहिती हाती आली नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’. या तिन्ही ठिकाणी ० छापणारे डॅशबोर्ड मी पाहिले आहेत, आणि त्यांत मर्यादा संपल्यामुळे राहून गेलेला विद्यार्थी आळशी ठरतो.

‘आजचे काम’ असा स्तंभ असेल तर तोही तपासून घ्यावा. गिटहबचा एपीआय वेळा जागतिक प्रमाणवेळेत देतो आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तारखा तशाच वापरल्या तर पहाटे ५.३० पूर्वीचे काम आदल्या दिवशी जमा होते. पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो, त्यामुळे हा हिशेब परंपरेला धरून आहे असे कोणी म्हणेल, पण विभागप्रमुख घड्याळ पाहतात. वेळा बदलून घ्याव्यात आणि स्तंभाच्या मथळ्याखाली ‘भारतीय प्रमाणवेळेनुसार’ एवढे दोन शब्द छापावेत.